भिंतीवरचे सात जण आणि हिंडलग्याचे शंभर दिवस

१९ डिसेंबर २०२२, सोमवार. बेळगावात त्या दिवशी दोन कार्यक्रम ठरले होते. एक हलगा-बस्तवाडच्या सुवर्ण विधानसौधमध्ये, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत, दुसरा टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर. पहिला झाला. दुसरा होऊ दिला नाही.

आमची शाळा मैदानापासून फार लांब नाही. सकाळी प्रार्थनेला मुलांचे लक्ष प्रार्थनेत नव्हतेच, रस्त्यावरच्या पोलीस गाड्या मोजण्यात होते. "लय पोलीस आल्यात की ओ सर, आज शाळा लवकर सोडणार काय?" डिसेंबरात अधिवेशन आले की हा प्रश्न ठरलेला. मी नववी-दहावीला इतिहास शिकवतो, त्यामुळे उत्तर देताना जरा अवघडतो. सुट्टीचा प्रश्न हेडमास्तरांकडे ढकलता येतो. पोलीस का आले हे मात्र मलाच सांगावे लागते.

दुसऱ्या कार्यक्रमाचे आधी सांगतो, कारण ते लवकर आटोपते. कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन बेळगावात पहिल्यांदा २००६ मध्ये भरले, केएलई या शिक्षणसंस्थेच्या आवारात. बेळगाव आपलेच आहे हे ठसवण्याचा हेतू कोणी लपवला नव्हता. तेव्हापासून अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी महाराष्ट्र एकीकरण समिती, म्हणजे बेळगावसह मराठी सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी संघटना, महामेळावा घेते. २०२२ साली परवानगी नाकारली, जमावबंदी लावली, समितीच्या नेत्यांना ताब्यात घेतले. महाराष्ट्रातले खासदार धैर्यशील माने यांना जिल्ह्यात येण्यास बंदी घातली आणि कोल्हापूरहून निघालेल्यांना कोगनोळी टोलनाक्यावर अडवले. आम्हाला यात नवे काही नाही. नाका तोच, बॅरिकेड तीच, फक्त अडवले जाणारे चेहरे बदलतात.

नवे होते ते आत, सौधमध्ये. विधानसभेच्या सभागृहात त्या दिवशी सात तसबिरींचे अनावरण झाले: बसवेश्वर, स्वामी विवेकानंद, महात्मा गांधी, सुभाषचंद्र बोस, डॉ. आंबेडकर, सरदार पटेल आणि विनायक दामोदर सावरकर. मुख्यमंत्री भाजपचे बसवराज बोम्मई, अध्यक्ष विश्वेश्वर हेगडे कागेरी. विरोधी पक्षाला विश्वासात घेतले नाही, अशी तक्रार करत काँग्रेसचे सिद्धरामय्या आपल्या आमदारांसह बाहेर पायऱ्यांवर बसले. हातात नेहरू, जगजीवनराम, नारायण गुरू, शिशुनाळ शरीफ, कुवेंपू यांच्या तसबिरी. आत सात, बाहेर आणखी कितीतरी. त्या दिवशी हलग्यात सगळ्यात जास्त मागणी चौकटींना असावी.

या प्रकरणात कोणी धडधडीत खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. सत्तेला दरवेळी खोटे बोलावे लागत नाही, खऱ्याची कात्री पुरते. ती कात्री कुठे कुठे चालली, एवढेच मला दाखवायचे आहे.

हिंडलगा, १९५०

सावरकरांचा कर्नाटकाशी संबंध काय, असा काँग्रेसचा सवाल होता. त्यावर एक उत्तर लगेच फिरू लागले: ते बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात होते. ते खरे आहे. वेंगुर्ला रस्त्याने जाताना आमची मुले तो तुरुंग रोज पाहतात. त्याच हिंडलग्यात १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबाराला बळी पडलेल्यांचे स्मारकही आहे, पण ती गोष्ट वेगळी.

आता हे "तुरुंगात होते" उलगडून बघू. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय येते? स्वातंत्र्यलढा, इंग्रज, बेड्या. मी वर्गात विचारले तेव्हा पोरांनी हेच सांगितले. "इंग्रजांनी ठेवलं असणार की ओ." एकानेही दुसरे नाव घेतले नाही.

सावरकरांना बेळगावात ठेवले ते १९५० साली. इंग्रज जाऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला होता, देश प्रजासत्ताक होऊन दोन महिने झाले होते. पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान दिल्लीत आले होते आणि अल्पसंख्याकांबाबत नेहरू-लियाकत करार व्हायचा होता. तो ८ एप्रिलला झाला. त्यात अडथळा नको म्हणून हिंदुत्ववादी नेत्यांना प्रतिबंधक स्थानबद्धतेत घेतले गेले. सावरकरांना ४ एप्रिलला मुंबईत अटक झाली आणि बेळगावला आणले. ज्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याचे ते दिवस होते, तो फेब्रुवारी १९५० मध्ये संसदेत मांडला होता गृहमंत्री सरदार पटेल यांनी.

म्हणजे ज्याला कोंडले तो, आणि ज्याने कोंडण्याचा कायदा आणला तो, दोघे आता एकाच सभागृहाच्या भिंतीवर आहेत. दोघांनाही राष्ट्रपुरुष म्हणून हार. मधला धागा कापलेला.

सुटका झाली १३ जुलैला. वर्षभर राजकारणात भाग घेणार नाही, अशी हमी मुंबई उच्च न्यायालयात दिल्यावर. आत जाण्यापासून बाहेर येण्यापर्यंत बरोब्बर शंभर दिवस. त्याच भिंतीवर गांधीजीही आहेत. गांधीहत्येच्या खटल्यात सावरकर आरोपी होते आणि १० फेब्रुवारी १९४९ ला लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, हे दोन्ही शिकवायला हवे. आरोपी होते एवढेच सांगणारा जितकी कात्री लावतो, तितकीच निर्दोष सुटले एवढेच सांगणारा लावतो. ह्या शंभर दिवसांवर वर्गात दोन तास सहज जातील: नव्या प्रजासत्ताकाने खटल्याविना माणसे आत टाकावीत का, करार वाचवण्यासाठी किती मोजावे, हमी देऊन बाहेर येणाऱ्याकडे कसे बघावे. भिंतीवर यातले काही चढत नाही. तिथे चेहरा चढतो.

तुरुंग कोणाचा होता?

सीमाभागातल्या मराठी माणसाला जी गंमत पहिल्यांदा दिसायला हवी होती, ती मलाही दुसऱ्या दिवशी दिसली, आणि तीही एका दाखल्यामुळे.

एक आजोबा शाळा सोडल्याच्या जुन्या दाखल्याची प्रत मागायला आले. त्यांच्या नातवाच्या कागदपत्रांसाठी हवी होती. जनरल रजिस्टर काढले. लाल कापडी बांधणी, कडा वाळवीने खाल्लेल्या, बोरूने काढल्यासारखे अक्षर. त्यांची नोंद १९५५ ची. पानाच्या माथ्यावर छापलेले होते: जिल्हा बेळगाव, मुंबई राज्य. पुढची पाने उलटली. छापील कागद संपेपर्यंत तोच वापरलेला, पण नोव्हेंबर १९५६ नंतर "मुंबई" वर शाईची एक आडवी रेघ आणि वर बारीक अक्षरात "म्हैसूर". कोणा कारकुनाने प्रत्येक पानावर न कंटाळता मारलेली रेघ. आजोबा ते बघून हसले आणि म्हणाले, "मी हाय तिथंच हाय. रेघच सरकली."

१ नोव्हेंबर १९५६ आधी बेळगाव मुंबई राज्यात होते. सावरकरांना हिंडलग्यात ठेवले तेव्हा तो तुरुंग मुंबई राज्याचा होता. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, गृहमंत्री मोरारजी देसाई. मुंबईत पकडलेल्या माणसाला मुंबई सरकारने आपल्याच राज्यातल्या एका तुरुंगात हलवले, इतकेच ते प्रकरण. कर्नाटक हे नाव तर राज्याला १९७३ मध्ये मिळाले.

तेव्हा "सावरकरांचा कर्नाटकाशी संबंध" या दाव्याचा एकमेव आधार जर हिंडलगा असेल, तर तो आधार उभा राहतो तो बेळगाव मुंबई राज्यात होते म्हणूनच. आणि याच सभागृहाने तीन दिवसांनी, २२ डिसेंबरला, सीमाप्रश्नावर एकमताने ठराव केला: राज्याची जमीन, पाणी, भाषा यांबाबत तडजोड नाही, वाद महाराष्ट्राने उकरून काढलेला. सोमवारी भिंतीवर जो भूतकाळ हवा होता, गुरुवारी तोच नको झाला. सभागृहात कोणी हसले असल्याचे वाचनात आले नाही. पायऱ्यांवर बसलेल्या काँग्रेसवाल्यांनीही हे विचारले नाही. ते कसे विचारतील? ठरावाला त्यांचाही हात वर होता.

महाराष्ट्राने २७ डिसेंबरला नागपूरच्या अधिवेशनात सीमाभागातल्या ८६५ गावांवरच्या दाव्याचा आपला ठराव केला, तोही एकमताने. त्याच महिन्याच्या १४ तारखेला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवून सांगितले होते की सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणी दावे करू नयेत. महाराष्ट्राचा दावा न्यायालयात आहे २००४ पासून.

आत्ताच का?

इथून पुढे माझे अनुमान आहे, पण आकडे सार्वजनिक आहेत. एप्रिल २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत भाजपची जागा वाचली ती अवघ्या ५,२४० मतांनी. समितीच्या तरुण उमेदवाराने लाखाहून जास्त, १ लाख १७ हजारांवर मते घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात महापालिकेत भाजपने ५८ पैकी ३५ जागा जिंकल्या आणि समिती हाताच्या बोटांवर आली. म्हणजे तोच मराठी मतदार काही महिन्यांत दोन्हीकडे झुकून दाखवतो. आमच्या गल्लीत एकाच घरात एक भाऊ भगवा फेटा बांधून काळ्या दिनाच्या (१ नोव्हेंबर, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले तो दिवस) सायकल फेरीला जातो आणि दुसरा भगवा फेटा बांधून पक्षाच्या रॅलीला. आई दोन्ही फेट्यांना एकच इस्त्री करते.

मे २०२३ ला विधानसभा निवडणूक होती. अशा वेळी सत्तेला असा मराठी माणूस हवा असतो की जो मराठी आहे, पण मराठीचा प्रश्न घेऊन येत नाही. भगूरचे सावरकर यात नेमके बसतात. ते भिंतीवर गेले की मराठी तरुणाला सांगता येते, बघ, तुझा माणूस आम्ही सभागृहात लावला. सरकारी परिपत्रक मराठीत का नाही हे विचारू नकोस. विशेष म्हणजे भाषेबाबत हेच सावरकर कमालीचे हट्टी. भाषाशुद्धीचा ध्यास घेतलेला माणूस. "महापौर" हा शब्द त्यांनी रूढ केला आणि तो कन्नडनेही घेतला. बेळगावच्या मराठी महापौरांनी २००५ मध्ये महाराष्ट्रात जाण्याचा ठराव करून घेतला, तेव्हा बेंगळुरात त्यांच्या तोंडाला काळे फासले गेले आणि पुढे महापालिकाच बरखास्त झाली. शब्द चालतो.

दुसरे कारण अधिक साधे. हिंडलगा हे नाव २०२२ साली कर्नाटकभर गाजत होते ते तुरुंगामुळे नव्हे. हिंडलगा गावातल्या रस्त्यांच्या कामांचे बिल आणि त्यावरच्या कमिशनची मागणी असा आरोप करणाऱ्या एका कंत्राटदाराचा एप्रिलमध्ये उडुपीत मृत्यू झाला आणि मंत्री के. एस. ईश्वरप्पा यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे पोलीस तपासात त्यांना क्लीन चिट मिळाली. तरी कमिशनचा "चाळीस टक्के" हा शब्द अधिवेशनात निघणार हे उघड होते. भ्रष्टाचारावरची चर्चा टाळण्यासाठी हा घाट घातला, असा काँग्रेसचे डी. के. शिवकुमार यांचा आरोप होता. पहिला दिवस तसबिरीत गेला एवढे खरे. वर्तमानातल्या हिंडलग्यावर १९५० चे हिंडलगे पांघरता येते.

पुस्तकातला बुलबुल

भिंत सुटी आली नव्हती. त्याच वर्षी रोहित चक्रतीर्थ यांच्या समितीने सुधारलेली पाठ्यपुस्तके आली. दहावीच्या कन्नड पुस्तकात हेडगेवारांचे भाषण घेतल्यावरून गदारोळ झाला, जूनमध्ये चक्रतीर्थ समिती विसर्जित केली, पुस्तके राहिली. ऑगस्टमध्ये आठवीच्या कन्नड पुस्तकातला एक उतारा गाजला. अंदमानच्या कोठडीला किल्लीचे भोकही नव्हते, पण बुलबुल येत आणि त्यांच्या पंखांवर बसून सावरकर रोज मातृभूमीला भेट देऊन येत, अशा अर्थाचा. हे अलंकारिक आहे, असा बचाव झाला. असेलही. आमच्या शाळेतल्या एका पोराने मात्र अलंकार बाजूला ठेवून विचारले, "सर, मग ते परत का आले?"

या प्रश्नावर मला अजून उत्तर सुचलेले नाही. पण अंदमानातली खरी वर्षे, तेलघाणा, दयेचे अर्ज, रत्नागिरीतली स्थानबद्धता, १९३१ चे पतितपावन मंदिर, हे सगळे बुलबुलाच्या पंखाखाली गेले. सावरकरांवर अन्याय करायचा तर त्यांच्या विरोधकांची गरज नव्हती.

काँग्रेस सरकार आल्यावर जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने हेडगेवार-सावरकरांचे पाठ काढायचे आणि सावित्रीबाई फुले, नेहरूंची इंदिरेला लिहिलेली पत्रे घ्यायचे ठरवले. मला वैयक्तिक विचाराल तर हा बदल बरा वाटतो. पण पाच वर्षांत दोनदा पुस्तक बदलले की मुले एक वेगळीच गोष्ट शिकतात: इतिहास म्हणजे मंत्रिमंडळाचा निर्णय.

आपल्या घरचे

समोरच्याची कात्री दिसते, आपली बोटात अडकलेली दिसत नाही. जानेवारी २०२१ मध्ये उद्धव ठाकरे सीमाभागाला "कर्नाटकव्याप्त महाराष्ट्र" म्हणाले, तेव्हा कर्नाटकचे उपमुख्यमंत्री गोविंद कारजोळ यांनी उलट टोला हाणला की शिवाजी महाराजांचे मूळच गदगजवळच्या सोरटूरचे. आमच्याकडे संताप उसळला. खरे तर भोसले घराण्याचे मूळ सोरटूरला शोधणारी मांडणी रा. चिं. ढेरे या मराठी संशोधकाची, शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरच्या त्यांच्या पुस्तकातली. पटो न पटो, ती संशोधकाने पुराव्यांची जुळवाजुळव करून मांडली होती. मंत्र्याने तिची काठी केली, आणि आम्ही काठी बघून मांडणीलाच शिव्या घातल्या. पुस्तक वाचलेले त्या संतापात मला दोनच जण भेटले.

आणि बेलवडी. बैलहोंगल तालुक्यातली. कर्नाटक मोहिमेवरून परतताना १६७८ मध्ये मराठी फौजेला तिथल्या गढीने झुंजवले. लढणारी मल्लम्मा, आपल्याकडे तिला सावित्रीबाई म्हणतात. मी वीस वर्षे ही गोष्ट महाराजांच्या औदार्यावर संपवत आलो. गढी किती दिवस झुंजली, आपल्या सरदाराबद्दल काय सांगितले जाते, हे टाळून. एकदा बैलहोंगलकडची एक नवी बाई स्टाफरूममध्ये म्हणाली, "सर, आमच्यात ही गोष्ट तिच्यापासनं सुरू होते, तुमच्यात ती शेवटी येते." कन्नड शाळेत शिकलेली, घरात मराठी बोलणारी बाई. तेव्हापासून मी दोन्ही तोंडांनी सांगतो. एका पालकाने त्यावर तक्रार केली, तीही सांगून टाकतो.

पुढे काय झाले

मार्च २०२३. येळ्ळूरच्या राजहंसगडावर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि त्याचे दोनदा अनावरण झाले: २ तारखेला मुख्यमंत्री बोम्मई यांच्या हस्ते, ५ तारखेला काँग्रेस आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांच्या पुढाकाराने. मग समितीने जाऊन शुद्धीकरण केले. एक पुतळा, तीन दावेदार, आणि गडाचा जुना दगड कोणाचा, रट्ट राजांचा की आदिलशाहीचा, हे विचारणारा कोणी नाही. हे तेच येळ्ळूर, जिथला "महाराष्ट्र राज्य" असा फलक २०१४ च्या जुलैत पोलिसांनी उखडला आणि गावकऱ्यांना घरात घुसून चोपले.

निवडणुकीत सत्ता काँग्रेसकडे गेली. समितीला एकही जागा मिळाली नाही. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात सावरकरांची तसबीर पुन्हा निघाली. मंत्री प्रियांक खर्गे म्हणाले, माझ्या हातात असते तर काढली असती. अध्यक्ष यू. टी. खादर यांनी ती काढली नाही. एकदा चढलेला चेहरा उतरवणे चढवण्याहून महाग पडते, हे दोन्ही पक्षांना कळते.

भिंतीवरच्या इतरांना मात्र बेळगावचा खराखुरा पत्ता आहे, आणि तो कोणी सांगत नाही. विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात इथे भाटे वकिलांच्या घरी उतरले होते. आंबेडकर १९२५ मध्ये निपाणीच्या परिषदेला आले होते. गांधीजी १९२४ मध्ये टिळकवाडीत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, आयुष्यात एकदाच. ते अधिवेशन घडवून आणणारे हुदलीचे गंगाधरराव देशपांडे, टिळकांचे अनुयायी, "कर्नाटकसिंह". मराठीत वाढलेला हा माणूस कर्नाटकाचा सिंह कसा झाला, एवढे जरी मुलांना समजले तरी सीमाप्रश्न त्यांना घोषणेपलीकडे कळेल. सातांत ते नाहीत. पायऱ्यांवरच्या तसबिरींतही मला त्यांचे नाव कुठे वाचायला मिळाले नाही.

९ डिसेंबर २०२४, पुन्हा सोमवार. अधिवेशनाचा पहिला दिवस. सौधमध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी अनुभव मंटपाच्या भल्यामोठ्या तैलचित्राचे अनावरण केले. जातपात न मानता बसून बोलायची बाराव्या शतकातली ती जागा, आताच्या भाषणांत "पहिली संसद". त्याच वर्षी जानेवारीत सरकारने बसवेश्वरांना राज्याचे सांस्कृतिक नायक जाहीर केले होते. बाहेर समितीच्या महामेळाव्याला परवानगी नव्हती, जमावबंदी होती, नेते ताब्यात होते, आणि कोगनोळीला गाड्या अडवल्या होत्या. प्रार्थनेला मुले पोलिसांच्या गाड्या मोजत होती. या वेळी सुट्टीचे कोणी विचारले नाही. दहावीतल्या एकाने विचारले, "सर, आत आज कोणाचा फोटो?"